ताडपत्रीखालची फियाट

बालमित्रांनो, या आठवड्याच्या पत्रांत सातवीतल्या एका मुलीचं पत्र आहे. ती लिहिते, "बाई, आमच्या आजोबांची १९६८ सालची फियाट तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. आजोबा गेले, तेव्हापासून ती कुणी सुरूच केली नाही. बाबा म्हणतात, दिवाळीनंतर भंगारवाल्याला देऊन टाकू. आम्हाला घरी काही करता येईल का?"

येईल की! पण बाबांपुढे हट्ट धरून नाही हं. बाबांचंही बरोबर आहे. उभ्या गाडीने जागा अडते आणि तिच्यावर किती खर्च येईल ते कुणालाच माहीत नसतं. तेव्हा आधी शोधून काढू या, की गाडीचं नेमकं बिघडलंय काय.

ही फियाट म्हणजे आपल्या मुंबईच्या कुर्ल्यातली, बरं का! वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकापासून इटलीच्या फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. सुरुवातीच्या गोलमटोल मोटारीला लोकांनी नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. तुमच्या आजोबांची ती 'डिलाइट'. तिचीच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर धावली. त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. म्हणजे नवीन मिळण्याची आशा नाही. आहे तीच जपायची.

ताडपत्री काढली की पहिला मोह काय होतो? किल्ली फिरवून बघू या! नेमकं तेच करायचं नाही. तीन वर्षांत इंजिनाच्या आतल्या भिंतींवरून तेल निथळून गेलेलं असतं. कोरड्या लोखंडावर लोखंड घासलं तर चांगलं इंजिनही खराब होईल. शिवाय वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असल्या तर ठिणगी पडायची. म्हणून पहिलं काम मोठ्यांचं. बॅटरीच्या तारा काढून ठेवायच्या, आधी वजा बाजूची, मग अधिक बाजूची. उंदरांचं घरटं मात्र तुम्ही शोधा. एअर फिल्टरचा डबा ही त्यांची आवडती जागा!

आता एक लोहचुंबक घ्या आणि तो फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे पडणार नाहीत. दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, पायाखालचा पत्रा, सगळीकडे तो लावून बघा. जिथे चिकटणार नाही तिथे आत पत्रा नाही. गंजून गेलाय आणि वरून लांबी भरून रंग दिलाय. पायाखालची चटई उचलून तिथेही बघा. हे एवढं महत्त्वाचं का? ट्रकला खाली वेगळा सांगाडा असतो, तसा या फियाटला नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिन दुरुस्त होतं, पण तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर खर्च फार मोठा. तसं निघालं तर मीसुद्धा बाबांना आग्रह करणार नाही. पत्रा शाबूत असला, तर मात्र गाडी भंगारात द्यायची घाई नको. दरवाज्यांच्या तळाला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात. पाणी आत साठतं आणि दरवाजा आतून कुजतो. ती भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. कोकणात आणि मुंबईत, खाऱ्या हवेत, हे काम दर पावसाळ्याआधी करायचं.

पत्रा ठीक निघाला? मग इंजिनाकडे वळू. त्यात चार सिलिंडर आहेत, म्हणून प्लगही चार. प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीला १, २, ३, ४ अशा चिठ्ठ्या बांधा. वायरींची अदलाबदल झाली तर गाडी नुसती खोकत बसते! मेस्त्री किंवा बाबा प्लग काढतील. मग प्रत्येक भोकात एक-दोन चमचे इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर, प्लग बाहेरच ठेवून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मोठ्यांनी हळूच ढकलायची, अगदी वीतभर. चाकं फिरली की इंजिन आतून फिरतं. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलीत. अडलं तर जोर करायचा नाही, मेस्त्रींना हाक मारायची.

मुलांनो, काढलेले प्लग फेकू नका. त्यांच्या टोकांचा रंग बघा. डॉक्टर जीभ बघतात ना, तसंच हे! बिस्किटाच्या रंगाचं टोक म्हणजे तब्येत छान. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जात होतं. तेलाने चिकट झालेलं असलं तर आतली झीज. चारही प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि वहीत लिहून ठेवा.

टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोल तर काढायलाच हवं. जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर बनतो आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजतात. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं भांडं. त्यात एक तरंगणारा गोळा असतो. भांडं भरलं की तो वर येतो आणि पेट्रोल बंद करतो. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना? अगदी तसाच. तो अडकला तर पेट्रोल एकतर येतच नाही, नाहीतर वाहून जातं. पेट्रोल काढायचं काम उघड्यावर आणि मोठ्यांनीच करायचं. जवळ उदबत्तीसुद्धा नको.

इंधनाची नळी तुंबणं मोटारीइतकंच जुनं आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्टस्‌हाइम, शंभर किलोमीटरांहून जास्त! सोबत दोन मुलगे, एक पंधरा वर्षांचा, दुसरा तेराचा. म्हणजे तुमच्याच वयाचे की! वाटेत इंधनाची नळी तुंबली. तिथे कुठलं गॅरेज आणि कुठला मेस्त्री? बाईंनी हॅटची लांब टाचणी काढली आणि नळी साफ केली. इंधन संपलं तेव्हा ते औषधाच्या दुकानातून घेतलं. 'हे बायकांचं काम नव्हे' असं कुणी म्हणालं, तर ही गोष्ट सांगा.

आता पालकहो, थोडं तुमच्याशी. ब्रेकला घरचे प्रयोग नकोत. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याने आतली नळकांडी गंजतात. रबरी भाग फुगतात. इंजिन सुरू झालं तरी ब्रेक मेस्त्रींनी उघडून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. खाली भक्कम घोड्या लावाव्या लागतात. इंजिन प्रथम सुरू कराल ते मोकळ्यावर, बंद शेडमध्ये नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. सुरू झाल्यावर तेलाचा लाल दिवा विझला नाही, तर लगेच बंद करा.

आणखी एक. जुने सुटे भाग भंगारात टाकू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. ती रोजच्या वापराला चालत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. १९६८ ची फियाट वयात बसते. भाग मूळचे असले, तर बाकीचंही जमेल.

माझ्या मामांच्या गॅरेजमध्ये प्रत्येक गाडीची एक वही असायची. तारीख, कोणतं तेल, काय बदललं, किती पैसे. तशी शंभर पानी वही आजच घाला. पहिल्या पानावर लोहचुंबकाच्या तपासणीचा नकाशा काढा. गाडीचं वरून चित्र, आणि चुंबक चिकटला नाही तिथे लाल फुली. ते पान दिवाळीच्या आत बाबांना दाखवायचं. नकाशाची एक प्रत मलाही पाठवा. फुल्या किती ते बघितलं की पुढचं सांगते.

पुढच्या आठवड्यात: सायकलची साखळी सारखी का उतरते?