रँक माझा, खेळ भाच्याचा

गेल्या रमजानमध्ये तरावीह आटोपली की आम्ही चौघे गच्चीवर बसायचो, ते थेट सहरीपर्यंत. चार मोबाईल, दोन चार्जर आणि खालून खिडकीतून ओढलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड. अम्मी दोनदा ओरडायची आणि तिसऱ्यांदा चहा पाठवायची. त्या एका महिन्यात एका बॅटल रोयाल खेळात मी चार पायऱ्या वर चढलो. माझ्या नावापुढे असं चिन्ह लागलं, जे मोहल्ल्यात आणखी कुणाकडेच नव्हतं.

ईदनंतर शेजारच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी स्पर्धा ठेवली. बक्षीस म्हणजे एक ट्रॉफी, बाकी पैशांची भानगड नाही. आमचा चौघांचा संघ निवडायचा होता. कुणीतरी म्हणालं, वाद नको, रँक बघा आणि वरचे चार घ्या. सगळ्यांना पटलं. मी कप्तान झालो. माझा भाचा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. तो माझ्या तीन पायऱ्या खाली होता, म्हणून राखीव. त्या दिवशीची हजेरी बुडवून तो हॉलमध्ये बाजूच्या खुर्चीवर बसून राहिला.

तीन सामने होते. पहिल्यात मी सहाव्या मिनिटाला बाद झालो, दुसऱ्यात त्याहून लवकर. तिसऱ्याच्या आधी आमच्यातल्या एकाला संध्याकाळच्या पाळीला जावं लागलं, म्हणून भाच्याला आत घेतलं. त्याने एकट्याने सात जण टिपले. तोवर उशीर झाला होता, आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. परत येताना त्याने मला विचारलं, अगदी साधेपणाने, टोमणा म्हणून नाही: "मामू, मग तुझा रँक एवढा वर कसा काय?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. रिक्षात मला ते देता आलं नव्हतं.

मी वर कसा गेलो

मी लपून वर गेलो. अशा खेळांत शंभराच्या आसपास खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जो टिकतो तो जिंकतो. गुण दोन गोष्टींचे असतात, किती जणांना बाद केलं आणि किती वेळ टिकलात. टिकण्याचे गुण चांगले मिळतात. मग लांबच्या घरात उतरायचं, दार लावून कोपऱ्यात बसायचं आणि बाकीचे आपसांत लढून मरेपर्यंत वाट बघायची. पहिल्या दहा-पंधरात आलो की गुण जमा. रँक पुश करणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती ठाऊक आहे. त्यात खालच्या पायऱ्यांवर समोरची बरीच 'माणसं' म्हणजे संगणकाने चालवलेले बॉट असतात. त्यांना मारून आपला आत्मविश्वास फुकटात वाढतो.

पण लपणं हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे साधं अंकगणित आहे. वही घ्या आणि माझ्याबरोबर मांडा.

समजा एखाद्या खेळात जिंकल्यावर ३० गुण मिळतात आणि हरल्यावर २० जातात. पहिला खेळाडू चांगला आहे, १०० पैकी ६० सामने जिंकतो. त्याचे १८०० गुण आले, ८०० गेले, हातात उरले १०००. दुसरा साधारण आहे, १०० पैकी ४५ जिंकतो, म्हणजे जिंकतो त्याहून जास्त हरतो. त्याचे १३५० आले, ११०० गेले, उरले २५०. पण हा दुसरा ४०० सामने खेळला तर? त्याचेही १००० होतात. ५०० खेळला तर १२५०, म्हणजे तो पहिल्याच्याही वर. एका सामन्याला २५ मिनिटं धरली तर १००० गुणांसाठी पहिल्याला साधारण ४२ तास लागले आणि दुसऱ्याला १६७. पाटीवर मात्र दोघांच्या नावापुढे तेच चिन्ह.

आता नियम बदला. जिंकल्यावर २५ आणि हरल्यावरही २५. दुसरा खेळाडू दर १०० सामन्यांत २५० गुण गमावतो. जितका जास्त खेळेल, तितका खाली जाईल. खेळाडू तोच, खेळ तोच, फक्त वजाबाकी बदलली. वर गेल्यावर प्रतिस्पर्धी कठीण होतात, त्यामुळे ३०-२० च्या खेळातही माणूस चढतच राहतो असं नाही. पण बऱ्याच पायऱ्या तो नुसत्या बसण्याच्या जोरावर चढतो. मी चढलेल्या चार पायऱ्या त्यातल्याच होत्या.

बुद्धिबळातला आकडा

खेळाडूचं कौशल्य आकड्यात मांडायची सर्वांत प्रसिद्ध पद्धत अर्पाड इलो यांची. जन्माने हंगेरियन असलेले इलो अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. तिचं मर्म एका वाक्यात सांगता येतं. रेटिंग म्हणजे बक्षीस नव्हे, तो पुढच्या डावाबद्दलचा अंदाज आहे. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याने १०० पैकी साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. अंतर ४०० झालं की ती सुमारे ९१ होते.

हिशेब या अपेक्षेवरूनच होतो. फिडेत बहुतेक नियमित खेळाडूंना २० चा गुणक लागतो. बरोबरीच्या माणसाला हरवलं तर १० गुण मिळतात. ४०० ने खालच्याला हरवलं तर दोनही मिळत नाहीत, कारण ते अपेक्षितच होतं. पण त्याच्याकडून हरलात तर सुमारे १८ जातात. म्हणून दुबळ्यांना हरवत बसून इथे फारसं काही हाती लागत नाही.

बुद्धिबळाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. किताब आणि रेटिंग वेगवेगळे ठेवले. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. तो आता आयुष्यभर तिचा आहे. रेटिंग मात्र दर स्पर्धेनंतर वर-खाली होत राहणार. किताब 'हे तू केलंस' असं सांगतो आणि रेटिंग 'आज तू कुठे आहेस' ते सांगतं. मोबाईलवरच्या खेळांनी या दोन गोष्टी एकाच शिडीत कोंबल्या, आणि माझी फसगत तिथेच झाली.

कंपन्या असं का करतात?

खरं रेटिंग निष्ठुर असतं. पन्नास-शंभर सामन्यांत ते तुमची जागा शोधतं आणि मग तिथेच घुटमळतं. तुम्ही रोज खेळलात तरी ते वाढेलच असं नाही. आणि निम्मे खेळाडू कायम मधल्या रेषेच्या खालीच राहणार. अशा आकड्याकडे रोज रात्री कोण परत येईल?

२००७ साली आलेल्या 'हेलो ३' ने यावर प्रामाणिक तोडगा काढला होता. त्यात १ ते ५० असा कौशल्याचा क्रमांक होता. तो मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी बनवलेल्या ट्रूस्किल पद्धतीवर चालायचा. ही पद्धत खेळाडूचा अंदाज तर ठेवतेच, शिवाय तो अंदाज किती पक्का आहे हेही ठेवते. त्याशेजारी अनुभवाचे गुण वेगळे मोजले जात. कौशल्य एका खात्यात, अनुभव दुसऱ्यात.

त्याच वर्षी आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४' ने मात्र पुढच्या जगाची दिशा ठरवली. प्रत्येक सामन्यातून अनुभवाचे गुण, त्यातून ५५ पातळ्या, आणि वर पोचलात की सगळं सोडून पुन्हा पहिलीपासून, मोबदल्यात एक नवं चिन्ह. पुढे २०१३ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स' ने खेळाडूंना दिसणारा इलो आकडाच काढून टाकला. खरं रेटिंग पडद्याआड गेलं आणि समोर पायऱ्या व लीगचे गुण आले. तुमची खरी जागा कंपनीला ठाऊक असते, सामने जुळवायला ती तेच वापरते. तुम्हाला दाखवायला दुसरी पाटी असते.

या मेहनतीला किंमत लावता येते, हे २०१७ मध्ये उघड झालं. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये डार्थ व्हेडर मिळवायला ६०,००० क्रेडिट ठेवले होते. एका खेळाडूने हिशेब मांडला की त्याला सुमारे ४० तास लागतील. जगभर इतकी ओरड झाली की कंपनीने ती किंमत पाऊण हिश्श्याने खाली आणली. रांग मुद्दाम लांब ठेवायची आणि मग रांग चुकवायचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा होता.

मेहनतीला काही किंमत नाही का?

हे सगळं मित्रांपुढे मांडलं तेव्हा एकजण चिडला. "म्हणजे मेहनत करणारा मूर्ख? हजार सामने खेळल्याशिवाय हात बसतो का?" त्याचं अर्धं खरं आहे. सरावाशिवाय कौशल्य येत नाही. पण सरावाने कौशल्य येणं आणि सरावाचे तास मोजून त्यालाच कौशल्य म्हणणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. मी शेकडो सामने खेळलो, पण बहुतेक वेळ दार लावून बसण्यात गेला. मी लपायला शिकलो, नेम धरायला नाही.

दुसरा म्हणाला, "ज्याला कुठेच शाबासकी मिळत नाही, त्याला एक चिन्ह मिळालं तर तुझं काय बिघडलं?" या प्रश्नाने मी बराच वेळ गप्प झालो. नापास झालेल्या, नोकरी नसलेल्या पोराला रोज काहीतरी वाढताना दिसतं, हे सुख मी नाकारत नाही. मलाही ते हवं होतं, गेल्या वर्षी मीही घरीच होतो.

पण मग भाच्याकडे बघा. तो सकाळी नऊला दुकान उघडतो आणि रात्री एक तास खेळतो. माझी बहीण भांडी आवरल्यावर अम्मीच्या फोनवर चाळीस मिनिटं खेळते, तेही फोन मोकळा असला तर. तासांवर चालणाऱ्या शिडीत हे दोघे माझ्या वर कधीच येणार नाहीत. त्यांचा हात कमी आहे म्हणून नाही, त्यांच्याकडे रिकामा वेळ नाही म्हणून. ज्याला आपण मेहनतीचं फळ म्हणतो, ते इथे फुरसतीचं फळ आहे. कष्ट करणाऱ्याला खाली ठेवणारी ही पद्धत कष्टाचंच नाव घेते, हे मला जास्त खुपतं.

खरं रेटिंगही अगदी निर्मळ नसतं. भाच्याचा जुना फोन तापला की अडकतो, आणि महागड्या फोनवर चित्र गुळगुळीत सरकतं. हा फरक कोणतंही सूत्र पुसत नाही. तरी एक तास खेळणाऱ्याला त्याच्या एका तासावरून जोखणं, हे त्याच्याकडे नसलेल्या पाच तासांवरून जोखण्यापेक्षा न्यायाचं आहे.

मग काय करायचं?

कंपन्यांकडे मागणं एकच: दोन खाती वेगळी दाखवा. रोज येणाऱ्याला चिन्हं द्या, रंगीत कपडे द्या, त्याचं कौतुक करा. फक्त त्याला रँक म्हणू नका. आणि आमचं रेटिंग तुमच्याकडे आहेच, तर ते आम्हालाही बघू द्या.

आपल्या हातात त्याहून जास्त आहे. स्वतःचा रँक बघताना तीन प्रश्न विचारा. हरल्यावर जिंकण्याइतकंच जातं का? समोर माणसं होती की बॉट? आणि महिनाभर खेळलो नाही तर हा आकडा माझ्याबद्दल खोटं बोलू लागेल का? मला तिन्ही उत्तरं नको तीच मिळाली.

आणि मोहल्ल्याचा संघ निवडताना रँक विचारू नका. या वर्षी आम्ही रँक बघितलाच नाही. इच्छुक बारा जणांना एका संध्याकाळी गच्चीवर बोलावलं, चिठ्ठ्या टाकून संघ पाडले आणि सहा सामने खेळवले. वेळ रात्री नऊनंतरची ठेवली, दुकानवाल्यांना यायला जमावं म्हणून. बहिणीने खालच्या खोलीतून खेळून भाग घेतला आणि बारात तिसरी आली. भाचा पहिला आला. मी सातवा. माझ्या नावापुढचं ते चिन्ह तेव्हाही होतं, पण ते कुणी बघितलं नाही.

संघात आता मी राखीव आहे. स्पर्धेच्या दिवशी बाजूच्या खुर्चीवर मी बसेन, आणि भाच्याच्या दुकानात त्याच्याऐवजी कोण थांबणार, ते आधीच ठरवून ठेवलं आहे.