सोसण्याचे श्रेय कोणाचे?

तुकारामांविषयीच्या मराठी समीक्षेत एक विधान निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते : दुष्काळाने सर्वस्व नेले, पण विठ्ठलावरील श्रद्धेने तुकोबांना तारले. विधान श्रवणीय आहे आणि बहुधा त्यामुळेच ते कोणी फारसे तपासत नाही. श्रद्धा माणसाला घोर आपत्तीत टिकवून धरते, या सामान्य सिद्धांताचा तुकाराम हा आपल्याकडचा ठरलेला दाखला झाला आहे. तो दाखला तसा आहे काय, एवढाच येथे प्रश्न आहे.

1630 ते 1632 या काळातील दख्खन आणि गुजरातमधील दुष्काळाचे वर्णन शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने करून ठेवले आहे. मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळली जात होती आणि कुत्र्याचे मांस बकऱ्याचे म्हणून विकले जात होते, असे तो लिहितो. त्याच वेळी खुद्द बादशहा बऱ्हाणपुरात तळ देऊन होता आणि त्याच्या फौजा दख्खनेत लढत होत्या. देहूपासून पायी एका दिवसाच्या वाटेवर असलेले पुणे त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केले. पावसाने जे ओढले नाही ते घोडदळाने तुडवले. समीक्षक ज्याला केवळ ‘दुष्काळ’ म्हणतात ती आपत्ती अशी दुहेरी होती.

या आपत्तीत तुकारामांची पहिली पत्नी रखमाई अन्नासाठी टाहो फोडत गेली. हे तुकारामांनी स्वतःच सांगितले आहे. त्या घरात विठ्ठलाची उपासना परंपरेने चालत आलेली होती. म्हणजे दैवत तेच होते आणि श्रद्धेचा वारसाही तोच होता. एक माणूस मेला आणि एक उरला. श्रद्धेने तारले असे म्हणणाऱ्याने रखमाईच्या श्रद्धेत काय उणे होते, हे सांगितले पाहिजे. ते कोणी सांगत नाही, कारण सांगता येत नाही. जगणे-मरणे तेथे धान्यावर आणि शरीराच्या ताकदीवर ठरले. मेलेल्यांनी अभंग लिहिले नाहीत; त्यामुळे साक्ष फक्त उरलेल्यांची आहे, आणि आपण तिला सर्वांची साक्ष मानतो.

उरलेल्याची साक्ष तरी आपण नीट वाचतो काय? आत्मचरित्रपर अभंगातील घटनाक्रम पाहावा. आधी दुष्काळ, अब्रूची हानी, पत्नीचा मृत्यू, बुडालेला व्यवसाय आणि या सर्वांची लाज. त्यानंतर मोडलेले देऊळ नीट करण्याचा विचार आणि एकादशीचे कीर्तन, तेही सुरुवातीला चित्त रमत नसताना. मग संतवचनांचे पाठांतर. दुष्काळ सोसला गेला तेव्हा ही श्रद्धा त्यांच्याजवळ तयार नव्हती. ती नंतर, कष्टाने, अभ्यासाने मिळवलेली आहे. औषध रोगानंतर सापडले असेल तर त्याने रोगात तगवले, हे विधान कसे करता येईल?

दिवाळे निघाले आणि दुष्काळाने पीडले ते बरेच झाले, अशा आशयाचा अभंग येथे हमखास पुढे केला जातो. पण हे ‘बरे’ मागे वळून, स्वतःपुरते उच्चारलेले आहे. ते उच्चारण्याचा अधिकार तुकारामांना आहे. समीक्षक त्याचा सर्वसाधारण नियम करतो तेव्हा तो रखमाईच्या वतीनेही ‘बरे झाले’ म्हणत असतो.

या मताचा सर्वांत प्रामाणिक प्रतिवाद मात्र आपल्याकडचा नाही. आउश्वित्सच्या छळछावणीतून वाचलेला झाँ आमेरी स्वतः अश्रद्ध होता. तरीही 1966 च्या आपल्या पुस्तकात त्याने मान्य केले की छावणीत धार्मिक आणि मार्क्सवादी माणसे संशयवादी बुद्धिवंतांपेक्षा अधिक तगली, किंवा अधिक सन्मानाने मेली. प्रीमो लेवी यानेही 1986 मध्ये त्याला दुजोरा दिला. ही साक्ष झटकून टाकता येत नाही. परंतु तीत मार्क्सवादीही आहेत, हे विसरू नये. बळ येते ते आपले दुःख एखाद्या मोठ्या कथेत बसवता येण्यातून. त्या कथेत देव असलाच पाहिजे असे नाही, आणि ती कथा खरी आहे हेही त्यावरून ठरत नाही. लेवीला निवडीच्या क्षणी प्रार्थनेचा मोह झाला आणि त्याने तो नाकारला, तोही वाचला.

आपल्याकडे हा वाद भलत्याच तराजूवर तोलला गेला. न्यायमूर्ती रानड्यांना संतांच्या श्रद्धेत मराठी सत्तेची पूर्वतयारी दिसली, राजवाड्यांना दुबळेपणा. दोघांनीही श्रद्धेची उपयुक्तताच मोजली. गं. बा. सरदारांसारख्या साक्षेपी अभ्यासकाच्या 1950 च्या ग्रंथाच्या शीर्षकातही ‘फलश्रुती’ हाच शब्द यावा, हे सूचक आहे.

तुकारामांच्या अभंगांत सोसण्याचे समाधान शोधणाऱ्यास देवाशी घातलेले भांडणच अधिक सापडेल. देवाला दिवाळखोर ठरवण्यापर्यंत ते जाते. श्रद्धेने त्यांना काही दिले असेल तर ज्याच्याकडे तक्रार करावी असा कोणी दिला, आणि ती तक्रार ऐकायला कीर्तनातली माणसे दिली. त्यांची दुसरी पत्नी जिजाई हिची तक्रार मात्र थेट विठोबाला दिलेल्या शिव्यांतून परंपरेने जपली आहे. त्या घरात मुले होती, आणि पोरांच्या तोंडी घालायला काय आहे, हाच तिचा प्रश्न होता. चरित्रकारांनी तिला कजाग ठरवले, आणि कीर्तनात तिचा प्रसंग आला की अजूनही श्रोते हसतात.