तेच गाणं, दुसरा गळा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे आणि कर्ण्यांचा गोंगाट. त्या गोंगाटात एक आवाज हमखास सापडतो, प्रल्हाद शिंद्यांचा. पंढरीच्या वाटेचं त्यांचं ते गाणं दत्ता पाटलांनी लिहिलं, मधुकर पाठकांनी चाल लावली. शिंदे राहायला कल्याणला, म्हणजे आम्हा शहापूर-मुरबाडकरांचे शेजारीच. २००४ साली ते गेले, पण गाण्याला सुट्टी नाही. पूजा, गणपती, वडाप, आसनगाव लोकलमधली भजनी मंडळं, सगळीकडे तेच. इतकं वाजलं की माझ्यासारख्याला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

मग किन्हवलीकडच्या एका गावात, दहाव्याच्या आदल्या रात्रीच्या भजनात ते ऐकलं. गेलेला माणूस जन्मभराचा वारकरी. मंडळाने सवयीने ठेका धरला, तर बुवांनी हातानेच पखवाज थांबवला. नुसती पेटी आणि एक टाळ. ठेक्यावर पळणारं गाणं बुवांनी चालायला लावलं. थकलेलं म्हातारं माणूस वारीत चालेल तेवढ्याच वेगाने. चालीतला एक सूर बदलला नाही. पण ध्रुपदावर परत येताना दर वेळी श्वास दुसऱ्याच जागी सोडायचे. मागच्या टाळकऱ्यांना कुठे उचलायचं ते कळेना. तेही बरंच झालं, कारण त्यामुळे तेसुद्धा ऐकायला लागले. आतल्या बायका उंबऱ्यापर्यंत आल्या. गाण्यातली वाट त्या रात्री एकाच माणसाची झाली होती.

ऑर्केस्ट्रातले गायक शिंद्यांची हरकत न् हरकत उचलतात, आवाजाची धारसुद्धा. नक्कल उत्तम असते, टाळ्याही पडतात. पण असल्या गाण्यात समोर कोण बसलंय याने काहीच फरक पडत नाही. बुवांनी आधी माणसं पाहिली, मग तोंड उघडलं.

थोरामोठ्यांच्या गाण्यातही हेच दिसतं. बालगंधर्वांची पदं महाराष्ट्राला तोंडपाठ होती, जशीच्या तशी म्हणणारे गावोगाव होते. साठच्या दशकात कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला आणि तीच पदं आपल्या समजुतीने, आपल्या तुटक, टोकदार गळ्यातून मांडली. काहींना ते आजही रुचत नाही. मला विचाराल तर गुरुस्थानी मानलेल्या माणसाचा याहून मोठा मान करता येत नाही.

आणि लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, गाणाऱ्या आपल्या धवलारणी? मांडवापासून हळदीपर्यंत दर लग्नात त्याच चाली, तेच धवळे. चांगली धवलारीण त्यात नवरीचं नाव गुंफते, मामाचं गुंफते, हयात नसलेल्या आजीलाही बोलावते, आणि कालपर्यंत दहा मांडवांत गायलेलं गाणं आज या एका घराचं होतं. माईक लागत नाही. पण हळदीला डीजेचे खोके आले की तिला कोपऱ्यात बसवतात आणि दोन ओळी झाल्या की ‘आवरा’ म्हणतात.

येत्या वैशाखात ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना एवढंच सांगणं, हळदीच्या रात्री तासभर खोके बंद ठेवा. धवलारणीला मांडवाच्या मधोमध बसवा, सगळे धवळे पुरे होऊ द्या. आणि नुसत्या साडीचोळीवर तिची बोळवण करू नका. डीजेवाल्याला मोजता तसे तिलाही रोख पैसे मोजा.