कागदावरची चिप

जर्नल तपासून झाले, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चार प्रश्न विचारले, सही झाली. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचे प्रॅक्टिकल संपले. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांचा प्रकल्प दिवा लावतो, पंखा फिरवतो. त्यातली चिप कशी घडते, ते मात्र बहुतेक मुलांच्या हाताला कधीच कळत नाही.

1978 साली लिन कॉनवे यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये एक अभ्यासक्रम शिकवला. मुलांनी सत्रभरात स्वतःची चिप आखायची, सगळ्यांचे आराखडे एकत्र करून कारखान्यात धाडायचे. आपल्याकडच्या वडापसारखाच प्रकार: गाडी एकाची, प्रवासी अनेक, भाडे वाटून. सत्र संपल्यावर काही आठवड्यांतच तयार चिप मुलांच्या हातात पडल्या. पुढच्या वर्षी डझनभर विद्यापीठांतले 82 आराखडे महिन्याभरात चिप होऊन परतले.  

ही सोय पुढे ‘मोसिस’ या नावाने कायमची झाली आणि विद्यापीठांतले संशोधन कागदावरून सिलिकॉनवर उतरले. बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रोसेसर घडवले. तिथेच 2010 मध्ये ‘रिस्क-फाइव्ह’ हा खुला आज्ञासंच जन्मला. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ प्रोसेसर त्यावरच उभा आहे. ‘शक्ती’ची एक चिप आणि मुंबई आयआयटीचा ‘अजित’ प्रोसेसर दोन्ही मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत, 180 नॅनोमीटर तंत्राने बनले. हे तंत्र जुनाट म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, कॉनवेंच्या विद्यार्थ्यांच्या रेघा याहून कितीतरी जाड होत्या.

केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत 85 हजार अभियंते घडवायचे आहेत. महागडे डिझाइन सॉफ्टवेअर महाविद्यालयांना मिळते, विद्यार्थ्यांचे काही आराखडे मोहालीला जातात. पाऊल योग्यच. पण प्रशिक्षितांची डोकी मोजून काय हाती लागणार? आपली चिप टेबलावर ठेवून, ती का चालत नाही याचा छडा किती मुलांनी लावला, हा आकडा सांगा.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. चिप बनून यायला महिने लागतात. तोवर मुलगा पदवी घेऊन सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालेला असतो. म्हणून आखणी सहाव्या सत्रात आणि तपासणी आठव्या सत्रात हवी. बंद पडलेल्या चिपचा दोष नेमका सांगणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळायला हवेत. राज्यातल्या विद्यापीठांनी मोहालीशी बोलून तारखा ठरवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात परीक्षेच्या तारखांशेजारी आराखडे धाडण्याची तारीखही छापावी.