पॉवर टिलर घ्यावा की भाड्याने आणावा?



भिवंडी तालुक्यात फिरताना वैशाखात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, पॉवर टिलर विकत घेऊ का?" चिखलणी तोंडावर आलेली, बैलजोडी गोठ्यातून गेलेली आणि भाड्याचा टिलर ऐन पावसात मिळत नाही. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शेजाऱ्याच्या अंगणातला नवा टिलर पाहून ठरवू नये, कागदावर ठरवावे.

समजा, भाड्याचा टिलर डिझेल व चालकासह तासाला ८०० रुपये घेतो. स्वतःचा घेतला तर कर्जाचा हप्ता व दुरुस्ती मिळून वर्षाला ३६,००० रुपये ठरलेले, टिलर चालो वा न चालो. शिवाय चालेल त्या प्रत्येक तासाला डिझेल व चालकाचे २०० रुपये. (आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.) तासांना क्ष म्हणू आणि वर्षाच्या खर्चाला य.

भाड्याचा : य = ८०० क्ष
स्वतःचा : य = ३६,००० + २०० क्ष

चौकटीच्या वहीत आडवे तास आणि उभे रुपये मांडा. पहिली रेघ शून्यापासून निघून खडी चढते. दुसरी ३६,००० वरून निघते, पण तिचा चढ सौम्य. कुठे तरी त्या एकमेकींना कापणारच. पेन्सिल जाड असली की तो बिंदू दोन-चार तास इकडेतिकडे होतो. बीजगणित तो नेमका देते. जिथे रेघा कापतात तिथे दोन्ही खर्च सारखे, म्हणून

८०० क्ष = ३६,००० + २०० क्ष
६०० क्ष = ३६,०००
क्ष = ६०

तेव्हा य = ४८,०००. दुसऱ्या समीकरणात ताळा पाहा : ३६,००० आणि १२,०००, मिळून ४८,०००. जमले.

ही रीत परकी नाही. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त एक उदाहरण आहे. एकाजवळ ६ घोडे व ३०० रुपये, दुसऱ्याजवळ १० घोडे पण १०० रुपयांचे कर्ज, आणि दोघांची संपत्ती सारखी. तर घोड्याची किंमत किती? उत्तर १००. त्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' इ.स. ११५० चा, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. समीकरणाला रेघेचे रूप देण्याची चाल मात्र सतराव्या शतकात फ्रान्समधल्या देकार्त व फर्मा यांची.

आता ६० चा अर्थ. एकराला चिखलणीचे सात तास धरले, तर दोन एकरवाल्याचे १४ तास होतात. भाड्याने ११,२०० रुपये, स्वतःच्या टिलरने ३८,८००. म्हणजे दर वर्षी २७,६०० रुपये जादा, आणि हप्ता पावसाची वाट पाहत नाही. अशा घराने एकट्याने कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुदान मिळून ठरलेला खर्च २४,००० वर आला, तर बिंदू ४० तासांवर सरकतो. भातानंतर भाजीपाल्याला टिलर चालवला तर तासही वाढतात. आणि भाऊबंदांपैकी कोणी नुसत्या २०० रुपयांत टिलर देत असेल, तर दोन्ही रेघांचा चढ एकच. त्या कधीच कापणार नाहीत. टिलर न घेता भाऊबंदकी सांभाळा!

घरात दहावीचे मूल असेल तर त्याच्याकडून हिशेब मांडून घ्या. गणित भाग १ चा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे.

चार-पाच घरांची मिळून नऊ एकर जमीन असेल तर ६३ तास होतात, आणि सामाईक खरेदीचा विचार करता येतो. दिवसाला आठ तास धरले तरी नऊ एकरांना आठ दिवस लागतील, आणि पाऊस सगळ्यांच्या शेतात एकदमच येतो. तेव्हा कोणाचे शेत आधी, हे मृगापूर्वीच चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि कागदावर सर्वांच्या सह्या घ्या.