नम्रतेच्या नावाखाली खोटी साक्ष

वाचनासाठी: गणना १३:२५-३३, स्तोत्रे ४२ व ४३



दर तीन महिन्यांनी आम्ही स्वयंसेवक रविवारच्या शास्त्रवाचनाची यादी करायला बसतो आणि दर वेळी तीच उत्तरे ऐकतो. “नको हो, माझं मराठी निम्मं कानडी.” “मला कसलं जमतंय? अडखळले तर सगळे हसतील.” “माझ्यासारख्या पाप्याला पुढं उभं करू नका.” मग आम्ही “किती नम्र माणूस!” म्हणतो आणि नेहमीच्याच चार नावांवर यादी संपवतो.

याला नम्रता म्हणायला आम्ही आता तयार नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण संडे स्कूलमध्ये पाठ केली. स्वतःविरुद्ध मात्र आपण ती रोज देतो आणि वर तिला भक्तीचे नाव देतो.

मोशेने कनान देशात पाठवलेले बारा हेर आठवा. चाळीस दिवस बाराही जणांनी तोच देश पाहिला, तीच नगरे, तीच द्राक्षे. नगरे तटबंदीची आहेत आणि लोक बलाढ्य आहेत, हे दहा जणांचे म्हणणे खरेच होते. त्यांची साक्ष बिघडली ती पुढे. आपण स्वतःच्या नजरेत टोळांएवढे होतो, असे ते म्हणाले, आणि तिथल्या लोकांनाही आपण तसेच दिसलो, अशी पुस्ती जोडली. त्या लोकांना विचारायला कोण गेले होते? कोणीच नाही. मनातले वाक्य त्यांनी दुसऱ्याच्या तोंडी घातले. त्याची किंमत एकट्या दहा जणांनी मोजली नाही. दिवसाला एक वर्ष याप्रमाणे सारी प्रजा चाळीस वर्षे रानात फिरली. म्हणून “माझ्या मनात मी काय बोलतो हा माझा प्रश्न” असे कोणी म्हणू नये. आईबाप स्वतःला जे म्हणतात, तेच मुले शिकतात.

कोणी विचारील, मग मंदिरात ऊर बडवणारा जकातदार चुकला का? मुळीच नाही. पण लूकने सांगितलेला तो दाखला शेवटपर्यंत वाचा. त्याने देवासमोर दया मागितली आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. आपण घरी जातच नाही. क्षमा मिळाल्यावरही त्याच कोपऱ्यात उभे राहून ऊर बडवत राहतो, जणू वधस्तंभावर काही काम अपुरे राहिले आहे.

पापकबुली नेमकी असते. “काल मी भावाशी पैशांबद्दल खोटे बोललो.” अशा कबुलीनंतर भावाकडे जावे लागते, पैसे परत करावे लागतात. “मी नालायकच आहे” म्हटले की कुठेच जावे लागत नाही, कारण नालायक माणसाकडून कोणी काही मागत नाही. कटू वाटेल, पण हे वाक्य कितीदा तरी आपली सोय असते. मोशेनेही जड जिभेची सबब सांगितली आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणाला, तेव्हा देवाचा कोप भडकला. देवाने त्याला अहरोनाची सोबत दिली. सुटका दिली नाही.

मात्र सगळा दोष एकेकट्या माणसाचा नाही, हेही कबूल केले पाहिजे. “ढ आहेस”, “तुला काय येतंय” ही वाक्ये आधी कोणाच्या तरी तोंडून आली. वाचताना अडखळलेल्या मुलीला आपल्याच बाकांवर कोणीतरी हसले. आणि त्याहून जुनी गोष्ट: आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांची सावलीही टाळली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो देवाची लेकरे म्हणून ताठ उभे राहण्यासाठी. गावाने त्यांना जे म्हटले, तेच आज आपण आपल्या तोंडाने स्वतःला म्हणायचे?

भाषेच्या सबबीला तर आपल्याच घरात उत्तर आहे. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण नव्हते. घरात बोलतात त्या मराठीत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिले. १९३४ पासून ते भागांनी प्रसिद्ध झाले आणि आजही मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्ण केले. बेळगावचे कानडी वळणाचे मराठी असो की इंदूरचे हिंदी वळणाचे, देवाला ते कळते. मंडळीलाही कळेल.

यावर सकाळी आरशापुढे “मी विजेता आहे” म्हणण्याचा उपाय हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरतो. तोही आम्हाला मान्य नाही. एका खोट्यावर दुसरे खोटे हा उतारा नव्हे. स्तोत्रकर्ता रडतो आणि रडतो असे सांगतो. मग आपल्याच जिवाला विचारतो, तू इतका खचलास का, आणि त्याला देवाची आशा धरायला लावतो. दोन स्तोत्रांत मिळून हे तीनदा येते. एकदा म्हणून त्याचेही भागले नाही. सवय अशीच लागते.

म्हणून या आठवड्यापासून चार गोष्टी करू या. “मी वाईट आई आहे” असे मनात आले, तर ते नेमके करू: “आज सकाळी मी मुलीवर विनाकारण ओरडले, संध्याकाळी तिची माफी मागेन.” जे शेजारणीला तोंडावर बोलणार नाही, ते स्वतःला बोलायचे नाही, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, या आज्ञेत आपणही आहोत. रात्रीच्या प्रार्थनेत आज देवाने आपल्या हातून करून घेतलेली एक गोष्ट सांगू, पुढे “पण” न जोडता. आणि सेवेसाठी विचारणा झाली, तर लगेच “नको” न म्हणता “प्रार्थना करून उद्या सांगते” म्हणू.

ज्यांच्या मनावर याहून जड ओझे आहे, ज्यांना झोप नाही, जगणे नकोसे झाले आहे, त्यांच्यावर मात्र ही चार वाक्ये लादू नका. एलीयाने झुडपाखाली मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले. अशा माणसाजवळ बसा, त्याला जेवू घाला, डॉक्टरांकडे सोबत जा. डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही यादी घेऊन दाराशी उभे असू. जो अडखळेल त्याला कोणी हसणार नाही, हे पाहणे आमचे काम. नाव देणे तुमचे.

हे प्रभू, तू आम्हाला लेकरे म्हटलेस. आम्ही स्वतःला दुसरे काही म्हणू नये, एवढे आमच्या जिभेला शिकव. आमेन.