शिकलेले अंगठाबहाद्दर

ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाने घरी ऐकली आहे. शिकवण चांगली आहे. परंतु ती अपुरी आहे, असे मला वाटते. कर्ज काढू नये, एवढेच आपल्याला सांगितले जाते. काढावेच लागले तर त्याचा हिशोब कसा करावा, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे कर्ज ही आपल्याकडे गणिताची नव्हे, अब्रूची बाब होऊन बसली आहे. आणि अब्रूची बाब माणूस लपवतो.

या लपवालपवीवरच एक मोठा धंदा आपल्या शहरात चालला. डिसेंबर 2020 मध्ये हैदराबाद व सायबराबाद पोलिसांनी मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा त्यांची पद्धत उघडकीस आली. तारण नको, जामीन नको. मात्र फोनमधील सगळे नंबर त्यांच्या हाती जात. हप्ता चुकला की नातेवाइकांना, मित्रांना फोन करून बदनामी सुरू होई. ती सहन न होऊन काहींनी जीव दिला. म्हणजे तारण नव्हते असे नाही. कर्जदाराची अब्रू हेच तारण होते!

अशा कर्जाचा हिशोब मांडून पाहा. समजा, कर्ज 5,000 रुपयांचे. फी कापून हातात पडले 3,500. आणि सात दिवसांनी भरायचे 5,000. म्हणजे आठवड्याला शेकडा जवळजवळ 43! जुना सावकारही एवढा दर सांगताना अडखळला असता.

सावकारावरून 1875 साल आठवते. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. पुढे हे दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. शेतकऱ्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळण्यात आले. जो कागद वाचता येत नाही, त्यावर कुणबी नांगराची निशाणी करी आणि आयुष्यभर फेडत राही. पुढे 1879 साली कायदा झाला आणि सावकाराने शेतकऱ्याला पावती व हिशोब देणे बंधनकारक झाले. नांगराची निशाणी गेली, अंगठा आला. आज आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी काय करतो? फोनवरचा लांबलचक इंग्रजी करारनामा न वाचता ‘मान्य’ या शब्दावर अंगठाच टेकवतो! मग आम्हांला अंगठाबहाद्दर का म्हणू नये?

वास्तविक यासाठी लागणारे गणित आपल्याला येते. मराठी शाळेत मुद्दल, दर, मुदत, सरळव्याज आपण घोकले आहे. दुकानदार सांगतो, ‘12,000 चा फोन, वर्षाला फक्त बारा टक्के, हप्ता 1,120.’ हे बारा टक्के पूर्ण वर्षभर पूर्ण 12,000 वर लावलेले असतात. आपण मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. शिल्लक मुद्दलावर मोजले तर खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. दुकानदार खोटे बोलला नाही. आपण विचारले नाही, इतकेच.

आता विचारण्याचा अधिकारही मिळाला आहे. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये नियम केला की, कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील नंबरांची यादी वा फोटो पाहता कामा नये. ऑक्टोबर 2024 पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ मुदतकर्ज देताना सर्व आकार धरून वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक देणे आवश्यक आहे. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. आपली पतनोंद, म्हणजे 300 ते 900 मधला तो आकडा, तोही वर्षातून एकदा संपूर्ण अहवालासह फुकट मागवता येतो. चुकलेला प्रत्येक हप्ता तेथे लिहिला जातो. उद्या शिक्षणासाठी वा घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक प्रथम तीच पाहील.

‘समजणाऱ्या भाषेत’ या शब्दांकडे मी मित्रांचे मुद्दाम लक्ष वेधतो. या अंकात मराठी व कन्नड शेजारी शेजारी छापल्या जातात. मग बँकेच्या खिडकीशी आपण आपली भाषा का विसरतो? इंग्रजी कळत नाही हे सांगण्यात कमीपणा वाटतो म्हणून आपण सही करून मोकळे होतो. येथेही पुन्हा अब्रूच आड येते.

माझी सूचना साधी आहे. आपल्या वाणिज्य मंडळाने सत्रारंभी एक दुपार यासाठी द्यावी. खऱ्या कर्जाचे माहितीपत्रक फळ्यावर मांडून मराठीत आणि कन्नडमध्ये सोडवावे. आणि ज्याच्या डोक्यावर आजच कर्ज आहे, त्याने ते घरी सांगावे. वडील रागावतील, हे खरे. पण वडिलांचा राग एक दिवसाचा. लपवलेल्या कर्जाचे व्याज मात्र रोज वाढते. कोणी धमकावत असेल तर 1930 या क्रमांकावर तक्रार करता येते. ज्याने घरी आधीच सांगितले आहे, त्याला बदनामीची धमकी देऊन कोणाला काय मिळणार?